बाळाचा तक्ता आणि बाळंतीण

पेडणे तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या वाड्यावर अंगणवाडीत वजनाचा दिवस असला की सकाळी दहापासून देवळाकडच्या वाटेवर बायकांची वर्दळ सुरू होते. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या हाताला पोर, आणि बहुतेकींच्या मागे एक आजी. तुळईला काटा टांगलेला असतो. त्याखालच्या झोळीत बाळाला बसवलं की ते हमखास रडतं, काटा थरथरतो, आणि तो स्थिर होईपर्यंत सगळ्यांचे श्वास अडकलेले. 'सात किलो दोनशे!' ताई मोठ्याने सांगते. आकडा मनासारखा आला तर आजीचा चेहरा खुलतो, नाही आला तर ती सुनेकडे बघते. मग पडवीत बसून तुलना चालते. 'आमचो नातू नवव्या म्हयन्यात चलाक लागलो,' एक आजी सांगते. दुसरी गप्प राहते, कारण तिची नात चौदा महिन्यांची होऊनही भिंत धरूनच चालते आहे.

ही गप्प राहणारी आजी मला चांगली माहीत आहे. माझी मुलगी सोळा महिन्यांची झाली तरी चालत नव्हती, तेव्हा माझी आई अशीच गप्प बसायची. डिचोलीला सासरी तर रोज एक नवा उपाय निघायचा. कुणी सांगितलं वाळूत उभी करा, कुणी सांगितलं ओल्या गवतावर चालवा. ती मुलगी आता अकरावीत आहे आणि बस चुकली तर दीड किलोमीटर पळत जाते. पण तेव्हाच्या त्या चार महिन्यांत मी काय भोगलं ते मलाच ठाऊक. मी मानसशास्त्राची एम. ए., वर्गात मुलांना बालविकासाचे टप्पे शिकवणारी. पुस्तकातला टप्पा आणि घरातलं पोर यांच्यात किती अंतर असतं, हे मला त्या चार महिन्यांत कळलं.

तर हे टप्पे ठरवतं कोण? मूल अमुक महिन्यात बसावं, तमुक महिन्यात बोलावं, हे कुणी, कुठल्या मुलांना बघून ठरवलं? हा प्रश्न मला त्या दिवसांत पडला आणि पुढे त्याचा पाठपुरावा करता करता मी भलत्याच ठिकाणी जाऊन पोचले. ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेत १९३३ साली 'सोसायटी फॉर रिसर्च इन चाइल्ड डेव्हलपमेंट' नावाची एक संस्था स्थापन झाली. बालविकासावर संशोधन करणाऱ्यांची ही व्यावसायिक संघटना. नाव भारदस्त, पण काम वरवर पाहता अगदी रुक्ष. नियतकालिकं काढायची, ठरावीक काळाने परिषद भरवायची, मुलांवर संशोधन करताना काय करावं आणि काय करू नये याचे नियम घालून द्यायचे. तिचं 'चाइल्ड डेव्हलपमेंट' हे नियतकालिक या विषयातल्या लोकांना गुरुस्थानी आहे. मुलांची वाढ हा तोवर कुणा एकाचा विषय नव्हता. डॉक्टर वजन-उंची बघत, मानसशास्त्रज्ञ बुद्धी बघत, आहारतज्ज्ञ दूध आणि धान्य बघत, आणि कुणीही कुणाचं वाचत नसे. मूल मात्र एकच. त्याचं पोट एका खात्यात आणि डोकं दुसऱ्या खात्यात, असं थोडंच असतं! या सगळ्यांनी एका जाजमावर बसावं म्हणून ही संस्था.

आपल्याकडे भजनाला बसण्याआधी पेटीवाला पट्टी धरतो. सगळे त्या स्वरात आले की मगच अभंग सुरू होतो. नाहीतर गळे कितीही चांगले असोत, गोंधळच व्हायचा. शास्त्रातल्या अशा संस्थांचं काम पट्टी धरण्याचं असतं. मूल 'उशिरा बोलतं' म्हणजे किती उशिरा, आणि ते मोजायचं कसं, यावर आधी एकमत व्हावं लागतं. एकमत नसेल तर मुंबईचा डॉक्टर एक सांगेल, पणजीचा दुसरं, आणि शेजारीण तिसरं.

आपल्या मराठी मुलखात अशी पट्टी धरणारी माणसं त्याही आधी होती, हे आपण विसरतो. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' मराठीत चालवली, आणि १९४५ साली मुंबईजवळच्या बोर्डी गावात जाऊन ग्रामीण मुलांसाठी बालवाडी काढली. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीची महागडी लाकडी साधनं खेड्यात परवडणार नव्हती, म्हणून ताराबाईंनी आसपास मिळणाऱ्या वस्तूंतून, दगड-पानं-शिंपल्यांतून साधनं केली. मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पनाही त्यांचीच. केंद्र सरकारने १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि आज आपण सहज 'अंगणवाडी' म्हणतो त्या शब्दाच्या मागे बोर्डीचं ते अंगण आहे. परदेशी माप घ्यायचं, पण ते आपल्या अंगणात आणून पुन्हा घडवायचं, हा ताराबाईंचा धडा. तो शास्त्रज्ञांना समजायला मात्र बराच वेळ लागला.

म्हणजे काय झालं बघा. बालविकासाच्या मापांपैकी सर्वांत नावाजलेलं माप नॅन्सी बेली या अमेरिकन बाईंचं. कॅलिफोर्नियातल्या बर्कले इथल्या बाळांना त्यांनी महिन्यामागून महिने तपासलं, तीच मुलं मोठी होईपर्यंत त्यांचा पिच्छा पुरवला, आणि त्यातून चाचणी तयार केली. काम थोर, यात वाद नाही. पण पट्टी बर्कलेच्या मुलांची. माझ्या माहेरच्या कौलारू घरात जिना नव्हता. एखाद्या चाचणीत 'जिना चढतो का' असं विचारलं असतं, तर आम्ही पाचही भावंडं नापास झालो असतो. उलट, ओसरीवरून अंगणात उतरताना पोटावर पालथं होऊन पाय आधी सोडायचे ही विद्या आमच्या प्रत्येक पोराला वर्षाच्या आत यायची. ती कुठल्या तक्त्यात मोजणार?

हा माझा हट्ट नव्हे. 'चाइल्ड डेव्हलपमेंट' आणि त्याच्या तोडीच्या आणखी दोन नियतकालिकांतले २००६ ते २०१० या काळातले लेख काही संशोधकांनीच तपासले, आणि २०१७ साली त्याचा निष्कर्ष मांडला. आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि मध्यपूर्व या भागांत जगातली सुमारे ८५ टक्के माणसं राहतात. संशोधनात भाग घेतलेल्यांमध्ये या भागांतले मात्र ३ टक्क्यांहूनही कमी. जगातल्या बहुतेक बाळांबद्दल जे लिहिलं गेलं ते त्यांना न बघताच लिहिलं गेलं, असा याचा सरळ अर्थ. स्वतःच्या घरातली ही कबुली छापायला हिंमत लागते, हेही नमूद केलं पाहिजे.

आपल्या बाळांना बघून माप करण्याचं काम भारतात झालं ते बडोद्याला. प्रमिला फाटक यांनी बडोद्याच्या बाळांची तपासणी वर्षानुवर्षं केली. बेलीबाईंची चाचणी घेऊन ती इथल्या मुलांवर पडताळली आणि भारतीय बाळांसाठीची विकास मोजणी तयार केली. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंत चालणाऱ्या त्या मोजणीत २३० बाबी आहेत. ६७ हालचालीच्या आणि १६३ समजुतीच्या. 'डासी' या आद्याक्षरांनी ती डॉक्टरांना माहीत आहे. हीच मोजणी फार लांब पडते म्हणून केरळात त्रिवेंद्रमला डॉ. एम. के. सी. नायर यांनी बडोद्याच्या कामातून १७ बाबी निवडून एक छोटा तक्ता केला. तो कुणीही आरोग्यसेविका काही मिनिटांत वापरू शकते. माझ्या मते ही १७ बाबींची गाळणी म्हणजे शास्त्रज्ञांनी खेड्यासाठी केलेलं एक मोठं काम आहे. त्याची पाहिजे तेवढी वाहवा झाली नाही.

वजन-उंचीचं काय झालं? ते माप जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ या काळात सहा देशांत नव्याने काढलं. ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान, अमेरिका आणि भारत. भारतातलं ठिकाण दिल्ली. सुमारे साडेआठ हजार मुलं. अट अशी की आई अंगावर पाजणारी हवी, ती धूम्रपान करणारी नको, खाण्यापिण्याची आबाळ नको. निकाल असा आला की पोटभर खायला आणि नीट सांभाळ मिळाला तर ओस्लोचं पोर आणि दिल्लीचं पोर पाच वर्षांपर्यंत जवळपास सारखंच वाढतं. 'आमचं हाडच बारीक' हे आपलं लाडकं कारण त्या दिवशी संपलं. २००६ साली हे तक्ते निघाले, आणि अंगणवाडीतला हिरवा-पिवळा-केशरी पट्ट्यांचा तक्ता त्यांच्यावरूनच आला. २०२१ पासून वजनं मोबाइलवरच्या पोषण ट्रॅकरवर भरली जातात. रेंज मिळाली तर. आमच्या वाड्यावर त्यासाठी ताईला देवळामागच्या उंचवट्यावर जावं लागतं.

याच अभ्यासात चालण्याचाही हिशेब झाला, आणि तो वाचून मी एकटीच हसले होते. निरोगी मूल आधाराशिवाय चालायला लागण्याचा काळ ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत कुठेही असू शकतो. नवव्या महिन्यातला नातूही त्यात आणि माझी सोळा महिन्यांची मुलगीही त्यातच. काही मुलं तर रांगतच नाहीत. बसतात, उभी राहतात, आणि थेट चालतात. हे पान तेव्हा कुणी माझ्या सासूबाईंना दाखवलं असतं, तर ओल्या गवताचं प्रकरण वाचलं असतं.

इथपर्यंत सगळं बाळाबद्दल झालं. पण मी भलत्याच ठिकाणी पोचले असं म्हटलं ते पुढच्या गोष्टीमुळे.

गोव्यात १९९६ साली 'सांगात' ही संस्था सुरू झाली. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांचे सहकारी यांनी ती उभी केली. कोकणीतला 'सांगात' म्हणजे सोबत, हे सांगायला नको. सुरुवातीचं त्यांचं काम मुलांच्या विकासाचंच होतं. या मंडळींनी गोव्यातल्या एका जिल्हा इस्पितळात शेवटच्या तिमाहीत तपासणीला येणाऱ्या २७० गरोदर बायकांशी बोलायला सुरुवात केली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी आणि पुन्हा सहा महिन्यांनी त्यांना गाठलं. इस्पितळाचं नाव महत्त्वाचं नाही. पेडण्याच्या, डिचोलीच्या, अगदी दोडामार्गच्याही बायका ज्या रांगेत बसतात तसलीच ती रांग. दहा साधे प्रश्न होते. एडिनबरामध्ये १९८७ साली तयार झालेली ही प्रश्नावली कोकणीत आणलेली. हसू येतं का, विनाकारण स्वतःला दोष देता का, झोप लागते का, अशा धर्तीचे प्रश्न.

२००२ साली निकाल प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी दर शंभरातल्या २३ बायका नैराश्याच्या आजारात होत्या. त्यांतल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं, आणि निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही तशाच होत्या. कारणं काय? घरातली गरिबी, नवऱ्याशी बेबनाव. मारहाण. भूक. आणि मुलगी झाली हे. मुलगी झाली की बाकीच्या कारणांचा भार आणखी वाढत होता. गोवा हे शिकलेलं राज्य, इथे मुलगी झाली तरी पेढे वाटतात, असं आपण अभिमानाने सांगतो. पेढे वाटले जातातच. पण त्या २३ जणींपैकी कुणाच्या तोंडात तो पेढा गोड लागला होता, हे त्या दहा प्रश्नांआधी कुणी विचारलं नव्हतं.

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये, डॉ. पटेल, डॉ. नंदिता डिसोझा आणि रॉड्रिग्ज यांनी याच कामातल्या १७१ बाळांचा हिशेब मांडला. सहा महिन्यांच्या बाळाचं वजन, लांबी आणि बडोद्याच्या त्या 'डासी' मोजणीतला समजुतीचा भाग. ज्यांच्या आया नैराश्यात होत्या त्या बाळांची वजनं आणि लांबी कमी असण्याची शक्यता ठळकपणे जास्त निघाली, आणि समजुतीच्या मोजणीतही ती मागे होती. जन्माच्या वेळचं वजन वगैरे इतर गोष्टी हिशेबात धरूनही वाढीवरचा हा परिणाम उरत होता.

हे वाचल्यावर मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसले होते. कारण मुलगी झाल्यावर माहेरच्या त्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीत, शेगडीच्या उबेत, मी काय होते ते मला आठवलं. बाळ रडलं की माझ्या पोटात गोळा यायचा, आणि तिला उचलायला हात पुढे व्हायचे नाहीत. आईने मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. सासरहून फोन यायचा, 'वजन किती वाढलं?' तपासणीला नेलं तिथल्या बाईंनी बाळ काट्यावर ठेवलं, आकडा लिहिला आणि मला दम भरला की पाजत नाहीस नीट. दोष त्यांना एकट्यांना देत नाही. रांग मोठी होती, आणि त्यांच्याकडच्या कागदावर माझ्यासाठी रकानाच नव्हता.

विचारलं ते बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशीने. चौथी इयत्ताही न शिकलेली बाई. एक दिवस तिने बाळाला तेल लावून झोपवलं, आणि माझ्यापाशी बसून म्हणाली, 'अगो, तुका काय जाता ता माका सांग.' मी रडले. ती उठली नाही. दुसऱ्या दिवसापासून बाळ आईकडे देऊन ती मला विहिरीपर्यंत चालवत नेऊ लागली. पेजेचं वाडगं माझ्या हातात देऊन ते रिकामं होईपर्यंत समोर बसू लागली. पोरीला कुशीत घ्यायला तिनेच मला पुन्हा शिकवलं. महिनाभर तरी लागला. याला औषध म्हणावं की नाही मला ठाऊक नाही. काहींना औषध आणि डॉक्टर लागतातच, आणि ते वेळेवर घ्यावेत. पण मावशी आली नसती तर काय, याचा विचार मी अजून पूर्ण करत नाही.

म्हणूनच पुढची गोष्ट मला शास्त्रापेक्षा जवळची वाटते. पाकिस्तानातल्या खेड्यांत डॉ. आतिफ रहमान यांनी गावातल्या आरोग्यसेविकांना खचलेल्या आयांशी बोलायला शिकवलं. २००८ साली त्याचे चांगले निकाल आले, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती पद्धत उचलली. गोव्यात 'सांगात'ने तिच्यापुढे एक पाऊल टाकलं. पगारी सेविकाही नको, वस्तीतलीच एखादी अनुभवी आई निवडायची, तिला शिकवायचं आणि तिलाच गरोदर बाईच्या घरी पाठवायचं. या बायकांना नाव दिलं 'सखी'. गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत ६ ते १४ भेटी. गोव्यातल्या २८० बायकांवर केलेल्या या पाहणीचा निकाल २०१९ साली आला. सखी जिच्याकडे गेली त्या गटातल्या ७३ टक्के बायका सहा महिन्यांनी आजारातून बाहेर आलेल्या होत्या, जिच्याकडे गेली नाही त्या गटातल्या ६० टक्के. लक्षणांच्या तीव्रतेचा सरासरी आकडा पाहिला तर मात्र दोन्ही गटांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही, हेही त्याच अहवालात लिहिलेलं आहे. म्हणजे जादू झाली नाही. पण शंभरातल्या तेरा घरांचा फरक आमच्यासारख्या लहान वाड्यांना थोडा नाही.

एक धोका मात्र दिसतो. हे निष्कर्ष अर्धवट कानावर गेले की 'आईच खचली म्हणून पोर मागे पडलं' असा नवा बोल आईलाच लागायचा. आपल्याकडे त्याला वेळ लागत नाही. त्या अहवालात दोष कुणाचा हे स्पष्ट आहे. भूक, मारहाण, मुलगी झाल्याचं दुःख, यांतलं काहीच आईने ओढवून घेतलेलं नाही. बाळाचा तक्ता खाली गेला तर तो घराचा तक्ता आहे. नवऱ्याने आणि सासूनेही त्यात आपलं वजन बघावं.

दुसरी बाजूही सांगते, कारण 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलले' हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं आहे, आणि ते प्रत्येक वेळी खरं नसतं. चालण्याला मोठी मुभा आहे. बोलण्या-हावभावांच्या बाबतीत वाट किती बघायची याला मर्यादा आहे. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, बडबड करत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल; सोळा महिन्यांत एकही शब्द नसेल; दोन वर्षांत 'आई ये', 'पाणी दे' असे दोन शब्द जोडत नसेल; किंवा आधी बोलत होतं ते बंद झालं असेल, तर बारसं-जावळातल्या बायकांचा सल्ला न घेता डॉक्टरांकडे जावं. कान तपासावेत, हे पहिलं. स्वमग्नता असली तरी हात टेकायचं कारण नाही. गोवा आणि रावळपिंडी इथल्या मिळून ६५ मुलांवर झालेल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आईबापांना मुलाशी कसं खेळावं, त्याच्या खुणा कशा ओळखाव्यात हे दाखवलं. आईबापांचं वागणं बदललं आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. गोव्याच्या बाजूने त्यात डॉ. गौरी दिवाण होत्या. डॉ. नंदिता डिसोझा यांची 'सेतू' संस्थाही गोव्यात याच कामात आहे. सरकारी पातळीवर २०१३ साली सुरू झालेला राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत, आणि जिल्हा इस्पितळात त्यासाठी केंद्र असावं अशी योजना आहे. पेडणे-डिचोलीच्या पालकांनी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात चौकशी करावी. आयांसाठी टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, आणि फोन कुणी केला हे शेजारी कळत नाही. शेवटचा मुद्दा आमच्या वाड्यात फार महत्त्वाचा.

आता त्या अमेरिकन संस्थेकडे पुन्हा एकदा. तिचे नियम मी वाचले तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. मुलावर संशोधन करायचं तर आईबापांची परवानगी हवीच, पण मूल समजण्याच्या वयाचं असेल तर त्यालाही विचारायचं. आणि त्याने नको म्हटलं तर थांबायचं. काट्याच्या झोळीत रडणारं बाळ अर्थातच त्या वयाचं नसतं. पण त्याची आई असते.

परवा वजनाच्या दिवशी मी योगायोगाने माहेरी होते. एक नवी आई आली, कडेवर अडीच महिन्यांची मुलगी. वजन झालं, ताईने आकडा सांगितला, आजीने मान हलवली. ती पोरगी मागच्या पायरीवर जाऊन बसली. मी शेजारी बसले आणि विचारलं, 'जेवलीस काय गो?' तिने आधी सासूकडे बघितलं. सासू तिकडे दुसऱ्या आजीशी नातवाच्या चालण्याबद्दल बोलत होती. मग ती हळूच म्हणाली, 'ना.' बाळाला मी घेतलं. अंगणवाडीत त्या दिवशी मुलांसाठी उसळ शिजली होती. ताईने काही न विचारता एक ताटली भरून पायरीवर आणून ठेवली.